चतुर्थीचं बुकिंग

पंचफुलाबाईंना ताट वाढून घेऊन निवांत बसून जेवताना कोणी पाहिलं नव्हतं. हुडकेश्वरच्या त्यांच्या मेसमध्ये वर्षानुवर्षं पोरं जेवून गेली. त्यातली काही आता पुण्याला आहेत, काही दुबईला, एकजण नायब तहसीलदार होऊन गडचिरोलीकडे आहे. कोणालाही विचारा. बाई वाढताना आठवतील, पोळीवर तूप सोडताना आठवतील, "भाजी काहून टाकली गा पानात?" म्हणून रागावताना आठवतील. जेवताना आठवणार नाहीत.

जेवत नव्हत्या असं नाही. शेवटचं पोरगं हात धुऊन गेलं की ओट्यापाशी उभ्या राहून, कढईच्या झाकणातच भात आणि उरलेलं वरण कालवून त्या चार घास घेत. तेवढ्यात दारात कोणी आलं तर झाकण बाजूला सरकवून पदराला हात पुसत आणि हसत बाहेर येत.

माहेर खाप्याचं. लग्न होऊन नागपूरला आल्या तेव्हा नवरा, रुपराव, छापखान्यात कामाला होता. मुलगी वैभवी चौथीत असताना तो गेला, आणि पंचफुलाबाईंनी समोरच्या खोलीत दोन टेबलं टाकली. इंजिनिअरिंगची पोरं जवळपास खोल्या करून राहत. आधी त्यांचे डबे, मग पंगत, मग दोन्ही. त्या धुरात, त्या फोडणीत वैभवी शिकली, डोळे तपासण्याचा कोर्स केला, आणि जरीपटक्याच्या बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात तपासनीस म्हणून लागली. लग्न ठरत ठरत राहून गेलं. आता घरात दोघीच.

वैभवीचा स्वभाव घोर लावून घेण्याचा. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी ती दोनदा गॅस बघून येई. आणि आईच्या जेवणाचा घोर तर तिला केव्हापासूनचा. पहिला पगार झाला तेव्हा तिने आईला वर्धा रोडवरच्या एका धाब्यावर नेलं होतं. वेटरने शेवभाजीचं भांडं टेबलावर ठेवलं न ठेवलं, तोच पंचफुलाबाईंनी डाव हातात घेतला. वैभवीला वाढलं, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईच्या पोराला वाढलं, आणि वेटरला म्हणाल्या, "तू जा बापू, म्या पाह्यते." घरी आल्यावर वैभवीने विचारलं, तेव्हा स्वतः काय खाल्लं ते आईला आठवेना. लग्नात नेलं तर आई आचाऱ्याजवळ सापडे. ती बसलीच, तर वाढणाऱ्यांकडे पाठ करून कधी बसत नसे.

या दसऱ्याला मेस बंद झाली. गुडघ्यांनी जवाब दिला होता. पंचफुलाबाईंना साठावं लागलं होतं. म्हणजे जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पण आंबिया बहाराची संत्री उतरत होती तेव्हा झाली, असं खाप्याचे रामाजीमामा सांगत. रामाजीमामा म्हणजे पंचफुलाबाईंचे थोरले भाऊ. तेव्हा साठी करायची ती दिवाळीनंतर, एवढं वैभवीने ठरवलं होतं. कशी करायची ते सुचत नव्हतं.

ते तिला एका गिऱ्हाइकाने सुचवलं. नंबर वाढलेली एक बाई खुर्चीत बसल्या बसल्या सांगत होती. सिव्हिल लाइन्समध्ये एका जुन्या बंगल्यात कोणा नागपूरच्याच पोराने जपानी जेवणाची जागा काढली आहे. बारा वर्षं ओसाकात राहून आलाय म्हणे. आठच खुर्च्या. आठवड्यातून दोनच दिवस. काय खायचं ते तुम्ही सांगायचं नाही, तो ठरवणार. एकेक घास तुमच्यासमोर बनवून तुमच्या हातात देणार. मधे भांडं नाही, डाव नाही, वाढणं नाही.

"वाढणं नाही म्हणजे?" वैभवीने तपासणीची भिंगं बदलता बदलता विचारलं.

"म्हणजे आपण फक्त खायचं. उठायला जागाच नाही तिथे."

वैभवीच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. वाढायला काही नसलेलं जेवण या शहरात मिळतं, हे तिला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्याचं बुकिंग एक तारखेला सकाळी उघडे आणि बघता बघता भरून जाई. त्या सकाळी तिच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ पाटीवरची अक्षरं वाचत होते. "खालची ओळ वाचा," ती म्हणे आणि मांडीवरच्या फोनवर बोट दाबे. चाक फिरे, थांबे, पुन्हा फिरे. गृहस्थांनी तीच ओळ तीनदा वाचली. शेवटी एका शनिवारच्या दोन खुर्च्या हिरव्या झाल्या. तिने दोन्ही शाकाहारी असं लिहिलं, पैसे भरले, आणि गृहस्थांना म्हणाली, "काका, तुमचे डोळे चांगले आहेत." ते म्हणाले, "ते मले माहीत हाये. तुह्ये हात कापून राहिले."

घरी सांगितलं तेव्हा पंचफुलाबाई मेथी निवडत होत्या.

"जपानी? तिथं काय भेटते?"

"ते देतील ते खायचं. आपण सांगायचं नाही."

"म्हंजे माह्या मेससारखंच." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "जाऊ मंग. मस्त हाये."

इतक्या सहज होकार येईल असं वैभवीला वाटलं नव्हतं, आणि म्हणूनच तिचा घोर वाढला. मग त्या जागेकडून सूचना आल्या. साडेसहाला सगळ्यांनी सोबत बसायचं. त्यानंतर दार उघडणार नाही. अत्तर, सेंट, उग्र वासाचं काही लावून येऊ नये. तारीख बदलून मिळणार नाही. वैभवीने प्रत्येक ओळीवर विचार केला. हुडकेश्वरहून सिव्हिल लाइन्स म्हणजे अख्खं शहर ओलांडणं. आईच्या गुडघ्यांना रोज बाम लागतो, त्याचा वास दोन खोल्यांपलीकडे येतो. खुर्च्या उंच असतील, तर आई चढणार कशी? या सगळ्याची तिने मनातल्या मनात सोय लावली. एकच गोष्ट तिच्या लक्षात आली नाही, आणि जी आली नाही तीच आडवी आली.

तिच्या फोनमध्ये इंग्रजी तारखा होत्या. आईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथ्या.

आठवडाभर आधी पंचफुलाबाई दुधाचा खाडा मांडायला कॅलेंडरापाशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "वैभू, त्या शनवारी चतुर्थी हाये वं."

वैभवी डबा भरत होती. ती डबा तसाच ठेवून कॅलेंडरापाशी आली.

"पण म्या येईन नं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "काहून नाही येणार? तू जेवजो. म्या बसते तुह्या बाजूले. पाह्यते तो पोरगा काय करते तं."

त्यांच्या आवाजात जराही खंत नव्हती. वैभवीला तेच सहन झालं नाही. आई पुन्हा बाजूला बसणार होती. पुन्हा बघणार होती. शहरातल्या सगळ्यांत दूरच्या जेवणापर्यंत जाऊनसुद्धा.

संकष्टीचा हा उपास जुना होता. वैभवी पहिलीत असताना तिला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे, दवाखान्यात महिनाभर. तेव्हा पंचफुलाबाईंनी जन्मभराची चतुर्थी बोलली आणि त्याच दिवशी मासोळी खाणं सोडलं; खाप्याला कन्हानच्या काठावर वाढलेल्या बाईने. दिवसभर कोरा चहा. चंद्र दिसल्यावर आरती, एकवीस मोदकांचा नैवेद्य, मग जेवण. मेस चालू असताना सुद्धा हेच. पोरं आत जेवत असत, आणि बाई गच्चीच्या जिन्यात चंद्राची वाट पाहत.

दुकानातून वैभवीने त्या जागेवर फोन लावला. बुकिंग बघणारी रितिका नावाची मुलगी बोलली. आवाज गोड होता, आणि गोड आवाजात नकार ऐकणं जास्त जड जातं.

"मॅडम, पुढच्या महिन्याच्याही सगळ्या जागा गेल्या आहेत. बदलून देता येत नाही."

"मग आई थोडी उशिरा सुरू करेल असं नाही का चालणार? चंद्र दिसेपर्यंत?"

"चंद्र कधी आहे?"

"आठ वाजून गेल्यावर."

"तोवर तर भात होऊन जातो मॅडम. शेवटचा. आणि एकासाठी वेगळं करायला सरांना हात नसतो, आठही जणांचं एका लयीत चालतं. सॉरी."

त्या संध्याकाळी वैभवीने ते केलं जे करायचं नाही असं तिने ठरवलं होतं. आईला म्हणाली, "एक चतुर्थी सोडली तं काय होते?"

पंचफुलाबाई गॅसपाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. "तू दवाखान्यात होती नं, तवा म्या देवाले असं नाही म्हटलं का एखादी सोडून देईन." आणि पोळी उलटवली.

त्या आठवड्यात वैभवीने एका गिऱ्हाइकाचा डावा नंबर उजव्यात लिहिला. मालकाने शांतपणे कागद परत दिला, आणि तिला जास्त लाज वाटली.

बुधवारी रामाजीमामा खाप्याच्या बसने आले. मोतीबिंदू उतरत होता, म्हणून भाचीकडे डोळे दाखवायला. धोतर, पांढरी टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. दुकानात यंत्रावर हनुवटी टेकवून बसले, आणि बोलू नका असं सांगूनही बोलत राहिले.

"काय झालं वं? तुह्यं तोंड उतरल्यासारखं दिसते. मले दिसत नाही तरी दिसते."

वैभवीने सांगितलं. जपानी जेवण म्हणजे काय ते समजवायला वेळ गेला. चतुर्थी लगेच समजली. मामा हसले. हनुवटी हलली आणि यंत्रातलं चित्र सरकलं.

"येवढंच? अवं, उपास दुसऱ्यानं धरता येते."

"म्हणजे?"

"आमची माय बिमार होती तवा तिचे सोमवार म्या धरले. चौदा वर्षांचा होतो. माय पेज पीत होती अन् मी उपाशी. घरातल्या माणसानं धरला का चालते. देवाले घरात कोणाच्या तरी पोटात भूक पाहिजे, तो तोंड पाह्यत नाही." मग बोट वर करून म्हणाले, "पण जिचा हाये तिनं द्यावं लागते. सकाळी पूजेपाशी, हातावर पाणी सोडून. तिनं नाही देल्ला तं तू नुसतीच उपाशी."

म्हणजे सगळं पुन्हा आईपाशीच येऊन थांबलं होतं.

मामा त्या दिवशी हुडकेश्वरला मुक्कामाला आले आणि जेवताना त्यांनीच विषय काढला. पंचफुलाबाईंनी ऐकून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न देवाबद्दल नव्हता.

"अन् ही दिवसभर उपाशी राहीन? हिले पित्त होते."

"मी राहीन," वैभवी म्हणाली.

"डोकं धरून बसशीन दुपारीच. अन् म्या तिथं खाऊ, अन् तू पाह्यशीन? कोण्या मायले घास उतरते वं?"

"मले उतरत होता नं इतके वर्ष. तू पाह्यत होती अन् मी खात होती."

हे असं बोलायचं नव्हतं. वैभवी आवाज खाली आणून म्हणाली, "तो उपास माह्याचसाठी होय नं आई. मंग एक दिवस माह्यापाशी दे. पुढच्या महिन्यात तुहा तुले परत."

पंचफुलाबाईंनी मामांपुढे भाताचं भांडं सरकवलं. त्या जेवायला बसल्या नाहीत, तर ओट्यापाशी जाऊन काहीतरी आवरत राहिल्या.

शुक्रवार तसाच गेला. वैभवीने विचारलं नाही. विचारलं तर नकार पक्का होईल, अशी तिला भीती होती. न विचारता निदान धागा लोंबकळत होता. तिने रितिकाला मात्र फोन करून सांगून ठेवलं की कदाचित दोघींपैकी एकजण जेवणार नाही, कोण ते माहीत नाही. रितिका म्हणाली, "मी सरांना विचारून सांगते." संध्याकाळी निरोप आला: चालेल, समोर चहा ठेवू, उपासाला चहा चालतो ना?

शनिवारी सकाळी वैभवी उठली तेव्हा गॅसवर काहीच नव्हतं. चहासुद्धा. देवघरात दिवा लागला होता. पंचफुलाबाई खुर्चीवर बसून पूजा करत होत्या. गुडघ्यांमुळे आता खाली बसता येत नव्हतं. वैभवी दारात उभी राहिली. आईची पूजा नेहमीपेक्षा लांबली असं तिला वाटलं. दुर्वा वाहून झाल्या, उदबत्ती झाली, आणि तरी त्या बसूनच होत्या, तांब्याकडे बघत.

मग मागे न बघता म्हणाल्या, "ये. हात पुढं कर."

वैभवी पुढे गेली. पंचफुलाबाईंनी पळीभर पाणी तिच्या तळहातावर सोडलं. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही. पाणी गार होतं आणि बोटांच्या फटीतून ताम्हनात गेलं.

"पित्ताची गोळी आता घेऊन टाक," त्या म्हणाल्या. "गोळीनं मोडत नाही."

त्या दिवशी दुपारी पंचफुलाबाईंनी स्वतःसाठी अर्धी पोळी केली आणि वैभवीकडे पाठ करून खाल्ली, चोरी करावी तशी.

निघायला उशीर झाला नाही, पण मानेवाडा चौकात रस्ता तुंबला. रिक्षावाला इंजिन बंद करून पानवाल्याशी बोलू लागला. वैभवी फोनमधलं घड्याळ बघत राहिली. त्यात तिला वास आला.

"आई, बाम लावला?"

"थोडासा. थंडी पडली नं, मले वाटलं गुडघे धरतीन."

वैभवीने पर्समधला ओला रुमाल काढला आणि भर चौकात, रिक्षात वाकून, आईचं लुगडं जरा सरकवून तिचे गुडघे पुसले. पंचफुलाबाई म्हणाल्या, "लोक पाह्यून राहिले वं." पण पाय मागे घेतले नाहीत. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "काकू, दवाखान्यात जाऊन राहिल्या का? पलीकडून घेऊ?"

"जेवाले जाऊन राहिलो," पंचफुलाबाई म्हणाल्या.

त्याने गल्ल्यांतून रिक्षा काढली. त्या पोचल्या तेव्हा दार उघडंच होतं.

आत पिवळा उजेड, एक लांब गुळगुळीत लाकडी फळी, तिच्या अलीकडे आठ खुर्च्या आणि पलीकडे एक माणूस: ही जागा काढणारा उन्मेष. चाळिशीचा, बारीक, बाह्या दुमडलेल्या. खुर्च्या खरंच उंच होत्या. पंचफुलाबाई खुर्चीजवळ थबकल्या तसा तो आतून एक लाकडी पाट घेऊन आला आणि काही न बोलता खाली ठेवला. बाकीचे सहाजण आधीच बसले होते. दोन जोडपी, आणि दोघे डॉक्टर मित्र असावेत असे. वैभवीला वाटलं, सगळ्यांना बामाचा वास येतो आहे.

"काकू, तुमचं शाकाहारी," उन्मेष म्हणाला. "आणि ताईंचा उपास."

"माहाच उपास होय तो," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आज तिनं धरला."

डॉक्टरांपैकी एकजण वळून बघू लागला. उन्मेषने मान हलवली, जणू रोज कोणीतरी असं सांगत असावं.

पहिली वाटी आली. सोयाच्या दुधाचं पांढरं, थरथरणारं काहीतरी, वर किसलेलं आलं. पंचफुलाबाईंनी चमच्याने त्याचे दोन भाग केले आणि एक वैभवीच्या बाजूला सरकवला.

"आज नाही, आई."

"हो नं." त्यांनी भाग परत ओढला. खाल्ला. पण नजर वैभवीच्या चहावर. मग भाजलेलं वांगं आलं, मग आळंब्यांचं पाण्यासारखं पातळ सार. प्रत्येक वेळी चमचा आधी वैभवीच्या दिशेने अर्ध्या वाटेवर जाई आणि परत वळे. पलीकडच्या बाईची जेवायची काडी खाली पडली, तशा त्या उचलायला उठू लागल्या. पाय पाटावर टेकला, गुडघ्याने साथ दिली नाही, आणि तोवर उन्मेषने नवी काडी दिलीही होती. त्या पुन्हा बसल्या. हातांना काही काम नव्हतं. त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग फळीवर, मग परत मांडीवर.

वैभवी चहा पीत होती. तिचं डोकं आता ठणकू लागलं होतं. तिळाच्या तेलाचा वास येत होता आणि तो पोटापर्यंत जात होता. तिला एक गोष्ट लक्षात आली आणि ती तिला आवडली नाही. तिची नजर आपोआप प्रत्येक हाताबरोबर ताटलीपासून तोंडापर्यंत जात होती. डॉक्टरांच्या, त्या बाईच्या, आईच्या. ती मुद्दाम दुसरीकडे बघे आणि नजर परत येई. आई मेसमध्ये दाराशी उभी राहून पोरांकडे अशीच बघायची. ती माया आहे, असं वैभवीने सगळ्यांना सांगितलं होतं. त्यात भूक किती होती, हे तिने आजवर कधी मोजलं नव्हतं.

मग उन्मेषने समुद्री शेवाळाचा काळा, कुरकुरीत चौकोन घेतला, त्यावर कोमट भात, तळलेली भेंडी, काहीतरी आंबट, आणि तो दुमडून सरळ पंचफुलाबाईंच्या तळहातावर ठेवला.

"लगेच खायचं, काकू. पान नरम पडायच्या आत."

पंचफुलाबाईंनी तो घास हातात धरला. खाल्ला नाही. दुसऱ्या हाताने त्यावर आडोसा केला.

"हा राहू दे हिच्यासाठी. चंद्र झाला का खाईन ती. तिले भेंडी आवडते."

बाकीचे चावायचे थांबले. वैभवीचा चेहरा तापला, कानापर्यंत.

"ठेवून नाही राहत ते," उन्मेष हळू म्हणाला. "दोन मिनिटांत चामड्यासारखं होतं. ते फक्त तुमच्यासाठी आहे, आत्तासाठी."

"मंग काय झालं. नरम खाईन ती."

"आई."

पंचफुलाबाईंनी वैभवीकडे पाहिलं. वैभवीला एवढंच जाणवलं की आपल्या डोळ्यांत भूक दिसत असणार आणि ती लपवायला हवी. तिने लपवली नाही. तिने आईला बघू दिलं.

पंचफुलाबाईंनी आडोशाचा हात काढला आणि घास तोंडात घातला. अख्खा. पान कडकन वाजलं. त्यांनी डोळे मिटले आणि खूप वेळ चावत राहिल्या.

त्यानंतर त्या वैभवीकडे वळल्या नाहीत. पुढचं आलं ते त्यांनी सरळ खाल्लं. भोपळ्याचं, मुळ्याचं, गोडसर लाल रस्सा लावून भाजलेलं काहीतरी. त्या पुढे झुकून बसल्या, कोपर फळीवर, जसं मेसमधली पोरं परीक्षेच्या दिवसांत बसायची. शेजारचे डॉक्टर काहीतरी बोलले, त्यांनी ऐकलं नाही. वैभवी त्यांच्या जबड्याची हालचाल बघत होती. कानापाशी एक शीर वर येई आणि खाली जाई. ती शीर तिने यापूर्वी पाहिली नव्हती.

शेवटी भात आला, छोट्या वाटीत, लोणच्याच्या दोन चकत्या आणि सारासोबत. मग हिरवा चहा. उन्मेषने फळी पुसली आणि एकेकाकडे बघत विचारलं, कसं वाटलं. एका जोडप्याने अप्रतिम म्हटलं. डॉक्टर ओसाकाबद्दल काही विचारू लागले. बाहेर चंद्र अजून झाला नसावा; वैभवीने खिडकीकडे पाहिलं तर नुसतं कडुलिंबाचं काळं झाड दिसलं.

"काकू, तुम्हाला?"

पंचफुलाबाईंनी वाटीत पाहिलं. रिकामी होती, एक शीतही नव्हतं.

"चव चांगली हाये तुह्या हाताले," त्या म्हणाल्या. "पण माह्यं पोट नाही भरलं, बापू."

कोणीतरी हसलं. हे वाक्य या आवाजात वैभवीने जन्मात ऐकलं नव्हतं.

उन्मेष हसला नाही. मागे वळून त्याने लाकडी भांड्याचं झाकण उचललं. "भात आहे अजून. साधाच."

पंचफुलाबाईंनी दोन्ही हातांनी वाटी त्याच्यापुढे धरली.

"वाढ मंग."